झाडावरचें दगडफूल

गोडा मसाला करण्याच्या दिवशीं मराठी घरांत जो दरवळ सुटतो त्यांतील धने, तीळ, खोबरें, लवंग आणि दालचिनी यांचा वांटा कोणालाहि ओळखतां येतो. एक वांटा मात्र चटकन् ओळखूं येत नाहीं. वाण्याच्या पुडींतून आलेले, वरून करडे, खालून काळे आणि चुरगळलेल्या कागदासारखे दिसणारे कांहीं पापुद्रे गृहिणी थोड्या तेलावर परतते. परतण्यापूर्वीं त्यांना सांगण्यासारखा वास नसतो. परतल्यावर मात्र ओल्या मातीची आणि दूरच्या धुराची एकदमच आठवण व्हावी असा गंध येतो. हेंच दगडफूल. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्याला शैलेय म्हटलें आहे. म्हणजे तेथेंहि दगडच. वस्तुतः हें फूल नव्हे, आणि बाजारांत येणारा पुष्कळसा माल दगडावरचाहि नव्हे. हिमालयाच्या उतारांवरील झाडांच्या सालींवरून आणि दक्षिणेंतील डोंगराळ रानांतून तो खरवडून आणलेला असतो. ज्या वस्तूवांचून आमटीला चव येत नाहीं तिच्या नांवांतले दोन्ही शब्द असे चुकीचे निघावे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाला त्याची शंकाहि येऊं नये, हें गमतीचें आहे खरें.

शास्त्रांत या वस्तूला लायकेन म्हणतात. मराठींत शैवाक हा शब्दहि रूढ झाला आहे. ती वनस्पति नाहीं. सायमन श्वेन्डेनर नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, लायकेन हा एक जीव नसून दोन जीवांचा संसार आहे. बुरशीच्या तंतूंनीं घर बांधावें, आणि त्या घरांत राहणाऱ्या सूक्ष्म हिरव्या शैवालानें सूर्यप्रकाशावर अन्न शिजवावें, असा हा व्यवहार. श्वेन्डेनरनें बुरशीला धनी आणि शैवालाला गुलाम म्हटलें होतें. ही उपमा अनेकांना झोंबली, आणि त्यांत त्या काळचा सर्वांत नांवाजलेला लायकेनतज्ज्ञ, फिनलंडचा विल्यम नायलँडर, हा आघाडीवर होता. ज्यानें आयुष्यभर हजारों नमुने हाताळले त्यालाच त्या नमुन्यांचें मूळ रहस्य पटेना! १८९९ मध्यें मरेपर्यंत त्यानें आपला विरोध सोडला नाहीं. श्वेन्डेनरचें म्हणणें अखेर सर्वमान्य झालें. पुढें २०१६ सालीं असेंहि दिसून आलें कीं, कित्येक लायकेनांच्या वरच्या सालींत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी मुक्काम करून असते. म्हणजे जें घर दोघांचें समजलें होतें त्यांत तिसराहि बिऱ्हाडकरू निघाला.

हें सर्व कोठें पाहावयास मिळतें असें कोणी विचारील. पुण्याच्या माणसास त्यासाठीं हिमालयांत जावयास नको. शहर सोडून सिंहगडाच्या रस्त्याला लागलें म्हणजे धायरीचा फाटा येतो. धारेश्वराच्या देवळामुळें आसपासच्या पंचक्रोशींत प्रसिद्ध असलेलें हें गांव २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. एके काळीं तें शेतांचें आणि उघड्या टेकड्यांचें गांव होतें. अशा सपाटीवरील कोरड्या हवेंत आंब्यासारख्या जुन्या झाडाच्या सालीवर राखी किंवा फिकट हिरवट रंगाचे, नाण्याएवढे, सालीला घट्ट चिकटलेले डाग दिसतात. नखानें ते निघत नाहींत. जाणारायेणारा त्यांना झाडाचा रोग समजतो आणि पुढें जातो. ते लायकेनच होत. धूळ, ऊन आणि गाड्यांचा धूर सोसण्याची ताकद ज्यांच्यांत आहे असे कांहीं चिवट प्रकार सपाटीवर टिकून राहतात. तेथून सुमारें १३०० मीटर उंचीच्या सिंहगडावर चढून जावें, कीं हवा बदलते. आणखी नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या धारेवर महाबळेश्वरास जावें, तर सारेंच बदलतें. पुण्यांत वर्षाला सरासरी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास त्याच्या सात-आठपट. तेथील अंजन, जांभूळ, पिसा आणि हिरडा यांच्या ठेंगण्या, वाऱ्यानें वांकलेल्या फांद्यांवर लायकेनाचीं सर्व रूपें एकाच झाडावर भेटतात. खोडाला खपलीसारखे, जाड फांदीवर पानासारखे, आणि बारीक डहाळ्यांवरून लोंबणारे, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे हिरवट झुबके. धुकें आलें कीं हे झुबके पाणी पितात आणि फुगतात, ऊन पडलें कीं वाळून चुरचुरतात. त्यांना मूळ नाहीं, खोडांतून ते कांहींएक ओढून घेत नाहींत. झाड त्यांना केवळ बसावयास जागा देतें.

तरीहि महाराष्ट्राच्या वनस्पतींची नोंद करणाऱ्यांनीं या वस्तूकडे फार काळ पाठ फिरविली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल थिओडोर कूक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला मोठा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. अजूनहि तो आधाराला घेतला जातो. परंतु त्यांत फुलणाऱ्या वनस्पतींचाच विचार आहे. हुकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या सात खंडांतहि लायकेनाला जागा नव्हती. जें फुलत नाहीं, ज्याचें लाकूड होत नाहीं आणि ज्यावर सारा बसत नाहीं, त्याची दखल सरकारदरबारीं घेतली जावी तरी कशासाठीं?

याचा अर्थ हिंदुस्थानांतील लायकेन कोणी गोळाच केलें नाहीं असा नव्हे. फ्रेंच संग्राहक पेरोतें यानें निलगिरीवरून नेलेल्या नमुन्यांचें वर्णन माँताञ्य यानें १८४२ सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध केलें. नंतरहि अनेक प्रवासी, मिशनरी आणि अधिकारी यांनीं डोंगरांतून पाकिटें भरभरून पाठविलीं. मात्र तीं सर्व पाठविलीं गेलीं तीं युरोपांत. येथें एक शास्त्रीय रिवाज समजून घेतला पाहिजे. एखाद्या जीवाला प्रथम नांव दिलें जातें तेव्हां ज्या नमुन्यावरून तें दिलें तो मूळ नमुना जपून ठेवावा लागतो, आणि पुढें नांवाविषयीं वाद पडल्यास त्या नमुन्याचाच शब्द अखेरचा. भारतांतील लायकेनांचे मूळ नमुने पॅरिस, लंडन, हेलसिंकी अशा ठिकाणीं विखुरलेले. नायलँडरचा सारा संग्रह हेलसिंकीच्या विद्यापीठांत आहे. म्हणजे सह्याद्रीच्या झाडावर वाढलेल्या खपलीचें नांव नक्की करावयाचें, तर तेथल्या अभ्यासकानें फिनलंडचें दार ठोठवावें!

देशी अभ्यासकांचें काम हळूहळूच उभें राहिलें. लाहोरच्या जी. एल्. चोप्रा यांनीं १९३४ सालीं दार्जिलिंग आणि सिक्कीम या भागांतील लायकेनांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. १९४० च्या दशकांत रसायनशास्त्रज्ञ टी. आर्. शेषाद्रि आणि त्यांचे सहकारी यांनीं भारतीय लायकेनांतील अम्लांचा आणि रंगद्रव्यांचा अभ्यास हातीं घेतला. चंदनाच्या झाडावर वाढणारीं लायकेनेंहि त्यांनीं सोडलीं नाहींत. आणि मग लखनौचे धरणीधर अवस्थी (१९२२–२०११) आले. देशांत नोंदल्या गेलेल्या सर्व लायकेनांची यादी करण्याचें किचकट काम त्यांनीं एकहातीं केलें. भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि तेव्हांचें सिलोन या देशांची त्यांची सूचि १९६५ सालीं निघाली. शंभरसव्वाशें वर्षांच्या काळांत अनेक भाषांतील नियतकालिकांत जें विखुरलेलें होतें तें प्रथमच एका जागीं आलें. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या २०१० मधील सूचींत ही संख्या २३०० च्या वर गेलेली दिसते.

पुण्यांतील हकीगत येथूनच जोडली जाते. मालवणांत १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणीं सह्याद्रींत हिंडतांना त्यांना गोड्या पाण्यांत राहणारा एक जेलीफिश सांपडला होता, आणि तो शास्त्राला नवा ठरला. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं ते जर्मनींत शिकावयास गेलेले असल्यानें त्यांना तेथें स्थानबद्धतेंत राहावें लागलें. तरीहि १९१९ मध्यें बर्लिनची पदवी घेऊनच ते परतले. कलकत्त्याची नोकरी संपल्यावर स्वस्थ न बसतां त्यांनीं पुण्यांत संशोधनसंस्था उभारण्याचें काम अंगावर घेतलें. १९४६ सालीं महाराष्ट्र असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. १९६० मध्यें ते वारले. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था या नांवानें ओळखली जाते.

या संस्थेंत बुरशीशास्त्राची पेढी एम्. एन्. कामत यांनीं जमविली. पश्चिम भारतांतील बुरशींच्या अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक एस्. एल्. आजरेकर यांचें नांव तेथील नमुनासंग्रहाला दिलें आहे. लायकेन म्हणजे अर्धीअधिक बुरशीच. म्हणून याच संग्रहाच्या कपाटांत १९७० च्या दशकांत लायकेनाचीं पाकिटें येऊं लागलीं. पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्याबरोबर व पुढें स्वतंत्रपणें उर्मिला मखिजा यांनीं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं, सह्याद्रीच्या रानांतून नमुने आणले, तपासले आणि शेकडो पानें भरून वर्णनें प्रसिद्ध केलीं. कोयनेचा जलाशय त्यापूर्वींच भरला होता. त्या पाण्याखालीं गेलेल्या झाडांच्या खोडांवर काय होतें हें आतां कोणाला सांगतां येणार नाहीं.

नमुना आणणें हें ऐकावयास सोपें आहे. पावसाळ्यांत घाटमाथ्यावर जळवा, निसरडें आणि अंधार. म्हणून संग्राहक पाऊस ओसरल्यावर निघतो. त्याच्या पिशवींत चाकू, छिनी, हातोडी, दहापट मोठें दाखविणारें भिंग, पाण्याची फवारणी आणि जाड कागदाच्या पुष्कळ पुड्या असतात. वाळलेलें लायकेन हात लावतांच मोडतें. म्हणून आधीं त्यावर पाणी शिंपडावयाचें आणि तें मऊ झालें कीं अलगद सोडवावयाचें. खपलीचें लायकेन मात्र सालीपासून सुटतच नाहीं. तेथें छिनीनें सालीचा पातळ तुकडाच काढावा लागतो, आणि तोहि झाडाच्या जिवंत थराला इजा न करतां. ज्या हातांना ही कला साधत नाहीं ते झाडहि दुखवितात आणि नमुनाहि फुकट घालवितात. पुडीवर लगेच, त्याच झाडाखालीं उभें राहून, लिहावयाचें: गांव, उंची, तारीख, झाडाचें नांव, खोड कीं फांदी, ऊन कीं सांवली, संग्राहकाचें नांव आणि अनुक्रमांक. संध्याकाळीं बंगल्यावर जाऊन लिहूं असें म्हणणाऱ्याच्या पुड्यांत हमखास घोटाळा होतो. नमुना सांवलींत सुकवावयाचा; ओला राहिला तर दोन दिवसांत त्याला दुसरीच, साधी बुरशी येते आणि मेहनत वायां जाते. नीट सुकलेला नमुना मात्र शेंदीडशें वर्षें टिकतो. पेरोतेंचें पाकीट आजहि उघडून पाहतां येतें तें त्यामुळेंच.

खरी परीक्षा प्रयोगशाळेंत. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन खपल्या आंतून निराळ्या असूं शकतात. त्यांच्यावर पोटॅशच्या पाण्याचा एक थेंब टाकला तर एक पिंवळी होऊन मग रक्तासारखी लाल होते आणि दुसरी जशीच्या तशी राहते; ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें तिसरीच गुलाबी होते. थेंबांची ही युक्ति १८६६ सालीं त्याच हट्टी नायलँडरनें काढली. पुढें जपानच्या आसाहिना यांनीं लायकेनांतील अम्लांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखण्याची पद्धत बसविली, आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेंत कल्बर्सन यांनीं पातळ थरावर तीं अम्लें वेगळीं करून ओळखण्याची रीत नक्की केली. हीं सर्व साधनें पुण्यांत वापरलीं गेलीं. शिवाय वस्तऱ्याच्या पात्यानें फळाचा केसाएवढा पातळ काप घेऊन त्यांतील बीजाणू पाहावयाचे. कोणाचा बीजाणू दोन खणांचा, कोणाचा आठ खणांचा, आणि कोणाचा विटांच्या भिंतीसारखा आडव्याउभ्या पडद्यांचा. एका नमुन्यावर एखादा दिवस सहज जातो. अवघड जात निघाली तर आठवडाहि.

झाडाच्या सालीवरील लायकेनांत एक कुळ असें आहे कीं, मराठी माणसानें तें पाहतांच थबकावें. फिकट खपलीवर काळ्या, वळणावळणाच्या, कोठें जोडलेल्या तर कोठें तुटलेल्या रेघा. युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्याला लिहिणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्रॅफिस असें नांव दिलें. कोणी पेशवे दफ्तर चाळलेलें असेल तर त्यास वाटावें कीं एखाद्या घाईंतल्या कारकुनानें बोरूनें मोडी लिहून ठेवली आहे. त्या रेघा म्हणजे या लायकेनाचीं फळें. पटवर्धन, मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या लिपीच्या कुळावर दीर्घकाळ काम केलें, आणि मोडी वाचणाऱ्याला जशी एकेका कान्याची आणि गांठीची पारख लागते तशीच येथेंहि लागते. शास्त्राला नव्या असलेल्या कित्येक जाती त्यांतून पुढें आल्या. पुण्यांत या जातींचे मूळ नमुने राहूं लागले, ही गोष्ट मोठी झाली. आतां परदेशांतला अभ्यासक पुण्याचें दार ठोठावूं लागला.

या कामाचा व्यवहारांत काय उपयोग, हा प्रश्न पुणेरी माणूस विचारल्याशिवाय राहत नाहीं. उत्तर अगदींच रिकामें नाहीं. दाढीसारख्या लोंबणाऱ्या लायकेनांत असणारें उस्निक अम्ल जंतूंना मारतें. पश्चिम घाटावरून नांव पडलेल्या उस्निया घट्टेन्सिस या लायकेनाचे तुकडे कांचेच्या नळींत वाढवून त्यांतील द्रव्यें काढण्याचे प्रयोग आघारकर संस्थेंत झाले. रानांतलें लायकेन ओरबाडून हें साधणार नव्हतें. कारण पानासारखें लायकेनहि वर्षाला कांहीं मिलिमीटरच वाढतें, आणि खपलीसारखें त्याहूनहि कमी. मसाल्याच्या पुडींतला एखादा पापुद्रा बनावयास कित्येक वर्षें लागलेलीं असतात. तो कोणत्या झाडावरून आला आणि तेथें मागें कांहीं उरलें कीं नाहीं, हें वाण्याच्या पुडीवर लिहिलेलें नसतें. शास्त्रज्ञाच्या पुडींत आणि वाण्याच्या पुडींत एवढाच फरक, पण तो लहान नव्हे.

पटवर्धनांनीं १९८३ सालीं पश्चिम घाटांतील दुर्मिळ आणि फक्त तेथेंच आढळणाऱ्या लायकेनांविषयीं लेख लिहिला. वाघाची किंवा चंदनाची चिंता करणाऱ्यांना खपल्यांची चिंता ही चैन वाटली असेल. तरी त्यांतली अडचण साधी आहे. नवें झाड लावतां येतें, जुनी साल लावतां येत नाहीं. कांहीं लायकेनें जुन्या, खडबडीत, दमट सांवलींतल्या सालीवरच बसतात. रान तोडून त्याच जागीं निलगिरी लावली तर हिशेबांत झाडांची संख्या तीच राहते, परंतु निलगिरीची साल सोलून गळून पडते आणि तिच्यावर बसूं पाहणारें लायकेनहि तिच्याबरोबर खालीं येतें. सह्याद्रींतील देवरायांचें मोल येथें कळतें. देवाच्या भीतीनें जेथें कुऱ्हाड चालली नाहीं तेथें शेंकडो वर्षांचीं खोडें उभीं राहिलीं. याच पुण्याच्या संस्थेंतील वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत या देवरायांचा अभ्यास केला तो मुख्यतः झाडांसाठीं. पण त्या झाडांच्या अंगावरचें भाडेकरूहि त्यांत आपोआप वांचले.

सिंहगडाच्या रस्त्याला धायरीपर्यंत आणि तिच्याहि पलीकडे आतां घरांच्या रांगा आणि वाहनांची रीघ आहे. गंधकाचा आणि नायट्रोजनाचा धूर लायकेनाला सोसत नाहीं, कारण त्याला निवडून घेणारें मूळ नाहीं. हवेंत जें असेल तें सारें त्याच्या अंगांत शिरतें. हेंहि प्रथम स्पष्टपणें सांगणाऱ्यांत नायलँडरच होता. त्यानें १८६६ सालीं पॅरिसच्या लक्सेंबर्ग बागेंतील झाडांवर सुमारें तीस जातींचीं लायकेनें मोजून त्यांची यादी छापली, आणि शहराच्या इतर भागांत तीं कां नाहींत याचें कारण हवेंत शोधलें. तीस वर्षांनीं त्यालाच लिहावें लागलें कीं बागेंतलीं लायकेनेंहि गेलीं. त्यानंतर जवळजवळ शतक गेलें, पॅरिसमधील कोळशाचा धूर कमी झाला, आणि १९९० च्या सुमारास दुसऱ्या अभ्यासकांनीं त्याच बागेंत जाऊन झाडें पुन्हां तपासलीं. कांहीं लायकेनें परत आलीं होतीं. नायलँडरची यादी त्यांच्या हातांत होती. त्यांतलीं कोणतीं आलीं, कोणतीं आलीं नाहींत आणि कोणतीं नवीं पाहुणीं आहेत, हें त्यांना एकेका खोडापाशीं उभें राहून सांगतां आलें.